परवडणाऱ्या पशुवैद्यकीय सेवेसाठी अनुदान: अर्जाआधीच्या हिशेबापासून शेवटच्या अहवालापर्यंत

कमी दरात प्राण्यांवर उपचार करणारी संस्था विस्तारासाठी अनुदान मागते, तेव्हा अर्जात दोन गोष्टी हमखास असतात: जखमी पिल्लाचा फोटो आणि नव्या गाडीचं दरपत्रक. अर्ज वाचणारा शोधत असतो तिसरंच काहीतरी. आज तुमच्याकडे दिवसाला किती प्राणी येतात, त्यातल्या एकावर खरा खर्च किती होतो आणि आमच्या पैशानं यातला कोणता आकडा हलणार? याचं उत्तर आदल्या रात्री लिहून काढता येत नाही. अर्जाची तारीख तीन महिने पुढे असताना कामाला लागलात तरच ते हाती येतं.

आधी अडथळा ओळखा

“लोकांना उपचार परवडत नाहीत” हे वाक्य खरं असलं तरी अर्जात निरुपयोगी आहे, कारण त्याच्या पोटात चार-पाच वेगळ्या अडचणी आहेत. कुणाकडे पैसे नसतात. कुणाकडे पैसे असतात पण दवाखाना लांब आणि मोठं कुत्रं घेऊन बसमध्ये चढू देत नाहीत. कुणाची दिवसाची मजुरी बुडते. कुणाला तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळते. कुणी आधी कुठंतरी बोलणी खाल्लेली असतात म्हणून पुन्हा दारात येत नाही. या प्रत्येकावरचा उपाय निराळा आहे. अंतर हा अडथळा असेल तर फी माफ करून फार काही होणार नाही, आणि पशुवैद्यकच कमी असतील तर गाडी घेऊन ती अंगणात उभी राहील.

म्हणून सलग आठ आठवडे एक साधी नोंदवही ठेवा. आलेला प्रत्येक फोन, दारात आलेला प्रत्येक माणूस आणि त्यातले परत पाठवलेले. रकाने सहाच पुरतात: तारीख, प्राणी, राहण्याचा भाग, काय हवं होतं, का देता आलं नाही, पुढे काय झालं. शेवटचा रकाना भरायला आठवड्यानं उलट फोन करावा लागतो. तो कंटाळवाणा आहे, पण अर्जातला सगळ्यात वजनदार मजकूर तिथूनच निघतो: “परत पाठवलेल्या ११२ जणांपैकी ४१ जणांनी कुठेच उपचार केले नाहीत” असं वाक्य (हे आकडे केवळ नमुन्यादाखल) दहा ओळींच्या कळकळीपेक्षा जास्त काम करतं.

उसने आकडे जपून वापरा. अमेरिकेतल्या अ‍ॅक्सेस टू व्हेटरनरी केअर कोएलिशनच्या २०१८ च्या अहवालात पाळीव प्राणी असलेल्या चारांपैकी एकाहून थोड्या जास्त घरांना त्याआधीच्या दोन वर्षांत उपचार मिळवताना अडचण आली होती आणि पैसा हे त्यातलं मुख्य कारण होतं. पार्श्वभूमी म्हणून हा आकडा ठीक आहे, पण तो तुमच्या वस्तीचा पुरावा नाही. रेबीजचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकारी संस्थांनी २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारे माणसांचे रेबीज-मृत्यू शून्यावर आणण्याचं जागतिक उद्दिष्ट ठेवलं आहे आणि त्यासाठी सुमारे ७० टक्के कुत्र्यांचं लसीकरण हा मापदंड मानला जातो. हा मापदंड अर्जात घेतलात की पुढचा प्रश्न ठरलेला: तुमच्या भागात कुत्री किती? त्याची मोजणी नसेल तर टक्केवारीची भाषा करू नका, टोचलेल्या लसींची संख्या सांगा.

क्षमतेचा प्रामाणिक हिशेब

नसबंदी केंद्राचं उदाहरण घेऊ, कारण तिथं मोजणं सोपं आहे. एक पशुवैद्यक, आठवड्यातून चार दिवस शस्त्रक्रिया, दिवसाला २० जागा. घाईत केलेला गुणाकार असा असतो: ४ × ५२ × २० म्हणजे ४,१६०. हा आकडा अर्जात गेला की संस्था पहिल्याच दिवशी फसलेली असते.

आता सण, सुट्ट्या, प्रशिक्षण धरून वर्षाचे ४६ आठवडे घ्या: १८४ दिवस. त्यातले साधारण ५ टक्के आजारपण, वीज, भूल यंत्राची बिघाडी यात जातील असं धरा: १७५ दिवस उरले. नोंदवलेल्या २० पैकी २० टक्के लोक येत नाहीत किंवा प्राण्याला खाऊ घालून आणतात, किंवा तपासणीत ताप निघतो. दिवसाला १६ उरले. १७५ × १६ म्हणजे २,८००. अर्जात हाच आकडा लिहायचा. तुमची गैरहजेरी २० टक्के आहे की ३५, हे स्वतःच्या मागच्या वर्षाच्या नोंदींवरून काढा. मोफत सेवेत ती सहसा जास्त असते, म्हणून नोंदणीच्या वेळी छोटी परत मिळणारी अनामत ठेवण्याची पद्धत उपयोगी पडते.

जागा २०, गैरहजेरी २० टक्के, तर रोज २५ नोंदवायचे, असं गणित मांडता येतं. पण ज्या दिवशी पंचवीसही येतील त्या दिवसाची सोय हवी: पिंजरे, मदतनीस आणि शस्त्रक्रियेच्या उपकरणांचे निर्जंतुक संच. हा शेवटचा मुद्दा सर्रास सुटतो. शेल्टर, म्हणजे निराधार प्राण्यांच्या आश्रयगृहांत काम करणाऱ्या पशुवैद्यकांच्या अमेरिकन संघटनेची नसबंदी कार्यक्रमांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं (सुधारित आवृत्ती २०१६) प्रत्येक प्राण्यासाठी स्वतंत्र निर्जंतुक उपकरणं मागतात. तुमच्याकडे १२ संच आणि एकच ऑटोक्लेव्ह (वाफेनं उपकरणं निर्जंतुक करणारं यंत्र) असेल तर तेरावं कुत्रं धुणं, बांधणं, वाफ, वाळवणं, थंड होणं या सगळ्याची वाट बघत भुलीच्या रांगेत बसतं. अशा ठिकाणी दुसऱ्या पशुवैद्यकाच्या पगारापेक्षा बारा संचांचा जादा खर्च क्षमता जास्त वाढवतो, आणि तो मंजूरही सहज होतो.

पशुवैद्यकाचे तास हीच या कामातली सर्वात दुर्मीळ वस्तू आहे. तो वजन करतोय, कागद भरतोय, पिंजरे लावतोय असं दिसलं तर पहिलं अनुदान मदतनिसासाठी मागा.

एका प्राण्याचा खर्च

पुढचे आकडे कोणत्याही चलनाचे नाहीत. प्रमाण समजावं म्हणून साधी एककं घेतली आहेत. वर्षाचा ठरलेला खर्च, म्हणजे पगार, भाडं, विमा, वीज, यंत्रांची देखभाल, लेखापाल, मिळून ९,८०,०००. प्रत्येक शस्त्रक्रियेमागे भूल, औषधं, टाक्याचा धागा, हातमोजे, वेदनाशामक, कचऱ्याची विल्हेवाट मिळून १५०. २,८०० शस्त्रक्रियांचा एकूण खर्च १४,००,०००, म्हणजे प्राण्यामागे ५००.

बऱ्याच अर्जांत इथं १५० लिहिलेलं असतं. “एका नसबंदीला फक्त १५०!” हे पत्रकावर छान दिसतं, पण १५० च्या दरानं मंजूर झालेल्या प्रत्येक प्राण्यामागे संस्था ३५० स्वतःच्या खिशातून घालते. काम कितीही वाढवलं तरी ठरलेल्या खर्चाचं भगदाड तसंच राहतं, आणि दोन वर्षांनी पगार थकतात.

आता सरासरी फी २०० धरा. उत्पन्न ५,६०,०००, तूट ८,४०,०००, प्राण्यामागे ३००. अनुदानाची मागणी या ३०० वर उभी करायची. समजा वर्षात २,००० शस्त्रक्रियाच झाल्या. खर्च १२,८०,०००, फी ४,००,०००, तूट ८,८०,०००, प्राण्यामागे ४४०. काम ८०० नं घटलं आणि तूट कमी होण्याऐवजी ४०,००० नं वाढली! कारण इथं प्रत्येक जादा प्राणी १५० खर्च करवतो आणि २०० आणतो. रिकामी राहिलेली जागा हीच सगळ्यात महाग जागा. त्यामुळे विस्ताराचा पहिला टप्पा नवं केंद्र नसतो. आठवण करून देणारे फोन, प्राणी आणण्या-नेण्याची गाडी, संध्याकाळची वेळ हा असतो. हे गणित अर्जात जसंच्या तसं मांडा. देणाऱ्याला त्यातून कळतं की तुम्हाला आपलं दुकान कळतं.

फीचे टप्पे ठेवत असाल तर त्यांचंही गणित करा. ४० टक्के प्राण्यांना ८०, ४० टक्क्यांना २२०, २० टक्क्यांना ४०० अशी रचना असेल तर सरासरी बरोबर २०० येते. पण अनुदान मिळाल्यावर जाहिरात गरीब वस्त्यांत पोचते, आणि पोचायलाच हवी. मग प्रमाण ६०, ३०, १० होतं आणि सरासरी १५४ वर येते. २,८०० प्राण्यांवर १,२८,८०० ची नवी तूट, तीही कार्यक्रम यशस्वी झाल्यामुळे. ही शक्यता अंदाजपत्रकाच्या टिपणीत आधीच लिहून ठेवली तर वर्षाच्या मध्यात ओशाळं व्हावं लागत नाही.

कोण कोणत्या टप्प्यात, हे ठरवताना उत्पन्नाच्या कागदांचा ढीग मागू नका. शासकीय मदत योजनेचं ओळखपत्र दाखवलं किंवा स्वयंघोषणा सही केली की पुरे. कडक तपासणीत थोडे गैरफायदा घेणारे गळतात आणि ज्यांच्याकडे कागदच नाहीत असे पुष्कळ गरजू त्यांच्याबरोबर जातात. मात्र निकष काहीही असो, तो लेखी हवा. आसपासच्या खासगी पशुवैद्यकांचा विरोध “आमचे पैसेवाले ग्राहक पळवतात” या तक्रारीतून येतो, आणि लेखी निकष दाखवून, गुंतागुंतीचे रुग्ण त्यांच्याकडे पाठवण्याचा करार करून तो बराच निवळतो. त्यांच्यापैकी दोघांचं पाठिंब्याचं पत्र अर्जाला जोडलं तर सोन्याहून पिवळं.

कोणाकडे मागायचं

देणगीदार संस्थांची लांब यादी करून एकच अर्ज सगळीकडे पाठवणं हा वेळेचा अपव्यय. प्रत्येकीचे मागच्या तीन वर्षांतले मंजूर प्रकल्प बघा: रक्कम, कालावधी, कशासाठी. यंत्रसामग्रीलाच पैसे देणारे पगार देत नाहीत. पगार देणारे बहुधा एका वर्षापुरतेच देतात. सरकारी खाती अनेकदा आधी खर्च करा, मग बिलं लावा या तत्त्वावर देतात. या शेवटच्या प्रकारात तीन-चार महिन्यांचा खर्च पेलेल एवढी शिल्लक नसेल तर मंजूर झालेलं अनुदानच संस्थेला बुडवू शकतं. प्राण्यांसाठी म्हणून पैसे देणाऱ्यांपुरतं थांबू नका. रेबीज लसीकरण हा सार्वजनिक आरोग्याचा विषय आहे, वृद्ध आणि बेघरांचे प्राणी हा समाजकल्याणाचा, गाढवं-खेचरं-शेळ्या हा उपजीविकेचा. त्याच कामाला तीन दारं उघडतात, फक्त प्रत्येक दारात मापदंड वेगळे द्यावे लागतात.

पहिल्यांदाच देणाऱ्याकडे आपल्या वार्षिक खर्चाच्या एक तृतीयांशाहून मोठी मागणी करू नये, असं आमचं मत. एकाच नळावर घर उभं आहे हे त्यांनाही दिसतं. आणि अर्ज करण्याआधी देणाऱ्या संस्थेच्या कार्यक्रम अधिकाऱ्याला फोन करा. पाच मिनिटं, तीन प्रश्न: आमचा भाग तुमच्या कक्षेत येतो का, पगाराला पैसे चालतात का, प्रशासकीय खर्चाची मर्यादा किती. यात तुमची दोन आठवड्यांची मेहनत वाचू शकते.

अर्ज लिहिताना

तारखेच्या बारा आठवडे आधी सुरुवात करा. पहिले दोन आठवडे कागदपत्रांचे: नोंदणी, करसवलतीचं प्रमाणपत्र, दोन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांची यादी आणि ठराव, पशुवैद्यकाचा चालू परवाना. ठरावच नेहमी अडतो, कारण बैठक महिन्यातून एकदाच असते. त्यानंतर अंदाजपत्रक, आणि ते झाल्यावरच वर्णन. उलट क्रमानं केलं की वर्णनात दोन मदतनीस असतात आणि अंदाजपत्रकात दीड. शेवटचा आठवडा फक्त एका कामाचा: संस्थेबाहेरच्या कुणाला तरी वाचायला देऊन “आम्ही नेमकं काय करणार आहोत?” हे तीन वाक्यांत सांगायला लावणं.

अंदाजपत्रकात विसरल्या जाणाऱ्या गोष्टी सांगायच्या तर: जैववैद्यकीय कचऱ्याचा ठेका, नियंत्रित औषधांचं कुलूपबंद कपाट आणि नोंदवही, भूल यंत्राची वार्षिक तपासणी, एक्स-रे असेल तर किरणोत्सर्ग सुरक्षेची मान्यता, लस २ ते ८ अंशांत राहावी म्हणून तापमान नोंदवणारं उपकरण आणि वीज गेल्यावरची सोय. लस गोठली तरी वाया जाते, उन्हात तापली तरच असं नाही. घरगुती फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकलेले डबे हा नेहमीचा घोळ. फिरत्या गाडीचं अंदाजपत्रक तर वेगळंच प्रकरण आहे. गाडीची किंमत मिळणं सोपं, पण चालक, इंधन, जनित्र, टायर, विमा, पाण्याची टाकी भरणं आणि सांडपाणी रिकामं करण्याची जागा, ती दुरुस्तीला गेल्यावरचे बुडालेले दिवस, हे सगळं दर वर्षी लागतं. दोन वर्षांचा चालू खर्च हातात असल्याशिवाय गाडी मागू नये.

शुद्धीवर येणाऱ्या प्राण्यांजवळ बसणारा माणूस हा खर्च कापायला सगळे टपलेले असतात. तो कापू नका आणि कारणही लिहा: ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत भुलीशी निगडित मृत्यूंपैकी कुत्र्यांत ४७ टक्के आणि मांजरांत ६१ टक्के मृत्यू शस्त्रक्रिया आटोपल्यानंतर झाले होते, बहुतेक पहिल्या तीन तासांत. एवढ्या एका वाक्यावर ती जागा मंजूर होते.

कमी खर्चाचा उपचार म्हणजे हलका उपचार, अशी शंका परीक्षक मंडळातल्या पशुवैद्यकाला येणारच. तिला पुराव्यानं उत्तर द्या. पार्व्हो, म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांना होणारा जीवघेणा विषाणूजन्य आजार, याचं उदाहरण चांगलं आहे. कोलोरॅडो स्टेट युनिव्हर्सिटीच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुरुवातीला शिरेतून द्रव देऊन स्थिर केलेल्या ४० कुत्र्यांपैकी निम्म्यांवर रुग्णालयात दाखल करून उपचार झाले, निम्म्यांवर बाह्यरुग्ण पद्धतीनं. दाखल केलेल्यांत ९० टक्के जगली, बाह्यरुग्ण गटात ८० टक्के. पहिला पर्याय चांगला आहेच. पण तो न परवडणाऱ्या मालकापुढे दुसरा पर्याय बहुतेक वेळा “काहीच नाही” किंवा दयामरण असा असतो, आणि त्या तुलनेत ८० टक्के फार मोठी गोष्ट आहे. बाह्यरुग्ण पद्धतीत त्वचेखाली द्रव, मळमळ थांबवणारं औषध, प्रतिजैविक आणि रोजची तपासणी लागते हेही लिहा, म्हणजे ही “घरी पाठवून दिलं” अशी पद्धत नाही हे कळेल. संमतीपत्रावर मालकाला दोन्ही पर्याय आणि त्यांचे निकाल सांगितल्याची सही हवी.

उद्दिष्टांमध्ये भेटी आणि प्राणी यांची गल्लत करू नका. एकाच कुत्र्याच्या चार भेटी म्हणजे चार कुत्री नव्हेत. मोजायला पाच गोष्टी पुरेत: वेगवेगळे प्राणी किती, आयुष्यात पहिल्यांदा पशुवैद्यकाकडे आलेले किती, तारखेची वाट सरासरी किती दिवस, गुंतागुंत आणि मृत्यू किती, एका प्राण्यामागे खर्च किती. मृत्यूचा रकाना शून्य दाखवणारा अहवाल जाणकार माणसाला खोटा वाटतो.

मंजुरीनंतर

करारावर सही करण्याआधी चार कलमं शोधा: हप्ते कधी आणि कशावर, एका बाबीतून दुसऱ्या बाबीत किती टक्के रक्कम न विचारता हलवता येते, खरेदीला किती दरपत्रकं लागतात, न खर्चलेली रक्कम परत करायची का. मग हिशेबात प्रत्येक अनुदानाला वेगळा संकेतांक द्या आणि प्रत्येक बिलावर तो त्याच दिवशी लिहा. एकच नसबंदी दोन देणाऱ्यांच्या अहवालात पूर्ण खर्चासकट दाखवली जाणं हा बेइमानीपेक्षा आळसातून होणारा गुन्हा आहे, पण परिणाम तोच. दोघांनी मिळून खर्च उचलला असेल तर कुणाचा किती हे प्राण्याच्या क्रमांकासमोर लिहिलेलं असावं. फीचं उत्पन्नही कार्यक्रमाचं उत्पन्न म्हणून दाखवा. ते लपवल्यावर तूट फुगते आणि लेखापरीक्षणात उघडं पडते.

पैसे न संपण्याचं सर्वात मोठं कारण म्हणजे पशुवैद्यक न मिळणं. जाहिरात, मुलाखत, त्याची नोटीस, परवान्याची नोंद यात चार ते सहा महिने सहज जातात, आणि वर्षभराच्या प्रकल्पाचा निम्मा काळ संपलेला असतो. म्हणून अर्जातच लिहा की प्रकल्पाचं वर्ष नेमणुकीपासून मोजलं जाईल, आणि तोवर अर्धवेळ किंवा रोजावर येणाऱ्या पशुवैद्यकांसाठी काही रक्कम राखून ठेवलेली आहे. एवढं करूनही घसरलात तर बिनखर्ची मुदतवाढ (जादा पैसे न मागता फक्त वाढीव वेळ) मागा, पण ती शेवटच्या आठवड्यात नको. मुदत संपायच्या साठ ते नव्वद दिवस आधी एका पानाचं पत्र पाठवा: आजवर झालेले प्राणी, उरलेली रक्कम, उशिराचं कारण, नवी तारीख आणि त्या तारखेपर्यंतचं महिनावार वेळापत्रक. पत्राला कालपर्यंतचा बँकेचा ताळमेळ, म्हणजे वहीतली आणि बँकेतली शिल्लक जुळवलेला तक्ता, जोडायला विसरू नका. तो मागवण्यातच बरेचदा महिना जातो.